पाच घरचा झगा

वन्सं,

तुम्ही गेलात आणि चाळीतल्या बायकांनी पहिली मागितली ती तुमची कातर. सुतक फिटायच्या आत. कुणी म्हणालं आठवण म्हणून दे, कुणी म्हणालं तुला तरी आता काय उपयोग तिचा. तुमची दोन लुगडी मी दिली, पितळेचा तांब्या दिला, चटईसुद्धा दिली. कातर नाही दिली. त्यावरून समोरच्या काकूंशी माझं चांगलं वाजलं, आणि तुमचं दहावंही अजून व्हायचं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सुलू, तोंडाक जरा कुलूप लाव."

परवा तेरावं झालं. काल संध्याकाळी बाबी भावजी गावाहून आले. बोटीतून उतरून थेट इकडेच. वहाणा न काढता दारात उभे राहिले आणि तुम्हाला हाक मारली. त्यांना कोण सांगणार होतं? ते शिमग्याला गावी गेले तेव्हा तुम्ही चालत्याबोलत्या होतात. त्यांनी जे आणलंय ते आता माझ्यासमोर पडलंय आणि त्याबद्दलच लिहायला बसलेय. पण त्याआधी चार वर्षं तुमच्यापासून लपवलेली एक गोष्ट सांगायला हवी. ती तुम्हाला कळली होती, हेही मला कालच कळलं. तरी माझ्या तोंडून तुम्ही ती ऐकलेली नाही.

तुम्ही आमच्या भोईवाड्यातल्या खोलीत आलात ते मुंबईसकट महाराष्ट्राचं आंदोलन पेटायच्या आदल्या वर्षी. नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तुम्हाला भावाकडे धाडून दिलं आणि चार वर्षांची कमळी ठेवून घेतली. मी तेव्हा काय केलं, ठाऊक आहे? रडले. तुम्हाला वाटलं, भावजय किती मायेची. वन्सं, मी रडले ती भिंतीकडच्या माझ्या जागेसाठी. मी गिरगावातली, फणसवाडीत वाढलेली, सातवी झालेली. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. परळच्या गिरणीतल्या साचेवाल्याशी लग्न करून मी तुमच्या घरावर उपकारच केलेत असा माझा समज होता. त्यात एका खोलीत जन्माची नणंद. सांगायची लाज वाटते, पण पहिले आठ दिवस मी तुम्हाला चहासुद्धा शेवटचा गाळायची.

नवव्या दिवशी ह्यांनी गिरणीतून फेंट आणलं. ताग्याचा जो भाग धागा तुटून, नाही तर छपाई चुकून बिघडतो तो कापून काढतात आणि कामगारांना थोडक्यात देऊन टाकतात, ते फेंट. मी त्याचा सरळ एक पडदा करणार होते. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत, बादलीत बुडवलंत आणि म्हणालात, "भिजवल्याशिवाय कातर लावूची नाय. कापड आधी काय आकसाचा ता आकसांदे." दुसऱ्या दिवशी ते जमिनीवर पसरून तुम्ही त्यावर घरातल्या वस्तू मांडल्यात. ह्यांचा डबा, आमच्या लेकीची, शकूची पाटी, पोळपाट, माझं जुनं पोलकं. मांडत होतात, उचलत होतात, पुन्हा फिरवून ठेवत होतात. अर्धा तास नुसत्या बघत बसलात. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

"आधी मोठा काय निघता ता बघायचा. मगे बारीक," तुम्ही म्हणालात. आणि त्या पावणेदोन वारांतून शकूचा झगा निघाला, ह्यांच्या डब्याची पिशवी निघाली, उशीचा एक अभ्रा, शेजारच्या तान्ह्या पोरासाठी टोपडं, दोन मसोती, आणि कडेच्या पट्ट्यांची परकराची नाडी. राहिल्या त्या दोऱ्यासारख्या चिंध्या. त्यासुद्धा तुम्ही उशीत भरल्यात. मी तोंड वासून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तुमचा चहा मी आधी गाळला.

तुम्ही मला काय काय शिकवलंत. गळ्यातून निघालेल्या अर्धचंद्राचा खिसा करायचा. साबणाची झिजलेली चीप टाकायची नाही, तिनं कापडावर रेघा मारायच्या. पाठीला जोड आला तरी चालेल, पण तो छातीवर यायला नको. शिवणीच्या आत बोटभर कापड दाबून ठेवायचं, पोरं वाढतात. मशीन आपल्याकडे कधीच नव्हतं. तुमचा धावदोरा मात्र इतका बारीक की बायका उलटसुलट करून बघत आणि मशीन कुठे लपवलंय म्हणून विचारत. तुम्ही मला वरच्या माळ्याकडे बोट दाखवायला लावायचात.

उलट्या मोरांचं फेंट आठवतं? छपाईत मोर डोक्यावर पडलेले. त्या वेळी ह्यांना एकदम सहा वार मिळालं होतं. महिन्याभरात आपल्या मजल्यावर जो तो उलटे मोर घालून हिंडत होता. डब्यांच्या पिशव्या, झबली, कंदिलाची खोळ, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याची तंबाखूची चंची, सगळे मोर खाली मुंडी करून. एका पोराला तुम्ही चड्डी दिलीत आणि मोर नेमके मागच्या बाजूला आले. तो वाकला की सुलटे होत. तेव्हा तुम्ही हसलात. खळखळून, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाच वर्षांत मी तुम्हाला तसं एकदाच बघितलं.

आता कमळीचा झगा.

तिच्या आधीची तुमची दोन मुलं गेली होती. कमळी झाली तेव्हा तुमच्या आईनं नवस बोलला, की ह्या पोरीच्या अंगावर विकतचं कापड चढणार नाही. पाच घरचे तुकडे मागून आणायचे आणि त्याचंच तिला शिवायचं, म्हणजे कुणाची नजर पोचायची नाही. कमळी जगली. मग तुमचा त्यावर दगडासारखा विश्वास बसला. दरवर्षी शिमग्याच्या आधी तुम्ही पदर पसरून पाच दारांत जायचात. तळमजल्यावरचं, पुढे बौद्ध झालं ते घर, मासळी विकणाऱ्या कोळणीचं घर, समोरच्या काकू, कुणीही. काकूंनी एकदा नाक मुरडलं, कुणाकुणाकडचं मागतेस म्हणून. तुम्ही शांतपणे म्हणालात, "काकू, चेडवाक जगवूक जात लागता काय?" काकूंनी त्या वर्षी बिनबोभाट तुकडा दिला, आणि चांगला मोठा दिला.

त्या पाच तुकड्यांचा तुम्ही असा झगा शिवायचात की बघत राहावं. घेराला एक, छातीला एक, बाह्या तिसऱ्याच्या, गळ्याला चौथ्याचा गोट, कमरेला पाचव्याची पट्टी. माप शकूचं, कारण कमळी तिच्याहून सहा महिन्यांनी मोठी. शकूला उभं करून तुम्ही दोरा लावायचात आणि वर दोन बोटं वाढवायचात. मग पुडकं बांधायचं आणि बाबी भावजी गावी जाताना त्यांच्याबरोबर धाडायचं. भावजी तुमच्या सासरच्या वाडीतले, लालबागला पुरुषांच्या गाळ्यात राहणारे. टाकलेल्या बाईनं तिथे गेलं तर चार तोंडं चार बाजूंनी बोलतील, म्हणून पुडकं पोचवायला मी जायची. तुमच्यामाझ्या मधलं सगळं तिथे बिघडलं.

पहिल्याच वर्षी भावजींनी ते परत आणलं. मी शकूला घेऊन भाजीला गेले होते, त्यांनी रस्त्यातच थांबवलं आणि पुडकं हातात दिलं. म्हणाले, "वैनी, म्हातारेन घेतल्यान नाय. म्हणाली, आमचा चेडू काय भिकाऱ्याचा नाय, चिंधये धाडू नकात. धाडूचा आसात तर धड कापड धाडूक सांग तिका."

धड कापड. एवढंच मागत होती तुमची सासू. दार बंद केलं नव्हतं तिनं. मी घरी येऊन तुम्हाला तेवढंच सांगायचं होतं.

जिना चढताना मी ठरवलंही होतं. पण तुम्ही वरच्या पायरीवर उभ्या होतात. भावजी आल्याचं कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं. तुमचा चेहरा बघितला आणि पुडकं मी भाजीच्या पिशवीत खाली दाबलं.

"पोचलो झगो? बसलो मा तिका?"

"बसला," मी म्हणाले.

"ढगळ झालो नाय मा?"

"जरासा. पण म्हणाले, छान दिसते."

तुम्ही देवापुढे साखर ठेवलीत. मला, शकूला, ह्यांना, सगळ्यांना चिमूट चिमूट दिलीत. ती साखर मी खाल्ली, वन्सं.

मला तुमची दया आली म्हणून मी खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की तुम्ही दुःखात असलात की खोलीत सुतकासारखं व्हायचं. तुम्ही जेवत नव्हतात, ह्यांचंही जेवण जात नव्हतं, आणि माझा जीव त्या दहा बाय बाराच्या जागेत घुसमटायचा. मला माझ्या घरात हसतं माणूस हवं होतं. त्याची किंमत तुमची पोर देणार होती, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

पुढच्या वर्षी मी पुडकं भावजींना दिलंच नाही. "यंदा काय नाय?" ते म्हणाले, मी म्हणाले, "नाही शिवलं." आणि घरी येऊन ते माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पहिल्याच्या शेजारी ठेवलं. महिन्याभरानं भावजी परतले की तुम्ही वाट बघायचात आणि मी निरोप रचायची. एका वर्षी बाह्या आखूड झाल्या. एका वर्षी म्हणाले, रंग उजळलाय. एका वर्षी, पुढचे दोन दात पडलेत. शकूचे पडले होते ना, म्हणून सुचलं. तुम्ही त्या दातांबद्दल चार दिवस बोलत होतात. तुमची पोर माझ्या जिभेवर वाढत होती आणि तुम्ही तिच्या मापाचे झगे शिवत होतात.

आपलं ते भांडण आठवा. दरवर्षीचंच. मी म्हणायची, "वन्सं, यंदा एकाच कापडाचा शिवा ना. हे चांगलं फेंट आणतील." आणि तुम्ही, "पाच घरचा आंगावर आसा म्हणान जगली ती." मी म्हणायची, मोठी झाली आता, लाज वाटेल तिला ठिगळांची. तुम्ही म्हणायचात, ठिगळ कोण म्हणता, तुझा तोंड ठिगळ. मी चिडून म्हणायची, तुमचं कापडापुढे काही चालतं, माणसांपुढे नाही. एकदा तर आपण दोन दिवस बोललो नव्हतो. मला तुम्हाला पटवता येत नव्हतं, कारण खरं कारण माझ्या पोटात होतं आणि वरवरचं कारण लंगडं होतं. एक वाक्य बोलले असते तर तुम्ही नवस मोडला असतात. देवाच्या पाया पडून, गुन्हा कबूल करून मोडला असतात, पण पोरीपर्यंत कापड पोचवलं असतं. मी ते ओळखून होते. तरी नाही बोलले. एक खोटं जुनं झालं की ते सांगायला दुप्पट धीर लागतो, आणि माझ्याकडे पहिल्या दिवशीसुद्धा नव्हता.

आंदोलनाचे दिवस आले. संप, बंद, गोळीबार, चाळीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी. हे सत्याग्रहात गेले आणि दीड महिना तुरुंगात बसले. गिरणी नाही तर फेंट नाही. त्यात बायकांचा मोर्चा निघायचा ठरला आणि आपल्या मजल्यावर काळी निशाणं शिवायचं काम आलं. प्रत्येकीनं कापड द्यायचं. खोलीत चिंधीसुद्धा नव्हती. तुम्ही स्वतःचं नेसूचं फाडायला निघालात. मी तुम्हाला अडवलं, तुम्ही पाण्याला गेलात तेव्हा माळ्यावरची पेटी उघडली, दुसऱ्या वर्षीचा झगा काढला, भराभरा उसवला आणि काकूंच्या रंगाच्या पातेल्यात बुडवला. मोठ्या कामासाठी जातोय, असं मनाशी म्हणाले. पेटीतला एक झगा कमी होतोय याचं मला बरंसुद्धा वाटलं.

दुपारी आपण सहाजणी गॅलरीत शिवायला बसलो. ते तुकडे नेमके तुमच्या वाट्याला आले. काळा रंग सगळ्या कापडाला सारखा बसला नव्हता. कोळणीच्या तुकड्यातले उभे पट्टे काळ्याखालून दिसत होते. तुम्ही तुकडा उन्हाकडे धरलात. जुन्या शिवणीच्या जागी सुईच्या भोकांची रांग होती, तुमच्या बारीक धावदोऱ्याची. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात.

"ह्या कापड आधी शिवलेला आसा," तुम्ही म्हणालात.

"माझा जुना परकर होता," मी म्हणाले. वर बघितलं नाही.

"हां," तुम्ही म्हणालात, आणि काठीसाठी कड दुमडून शिवायला घेतलीत. दुसऱ्या दिवशी मोर्चात ते निशाण तुमच्याच हातात होतं. तुम्ही घोषणा देत नव्हतात, नुसत्या चालत होतात. मी दोन ओळी मागे होते. परळ नाक्यापर्यंत मी त्या पट्ट्यांकडेच बघत होते.

त्यानंतरही तुम्ही दर शिमग्याला पाच घरं मागितलीत, झगा शिवलात, पुडकं माझ्या हातात दिलंत आणि महिन्यानं विचारलंत, "बसलो मा तिका?" मी म्हणाले, बसला. तुम्हाला त्या दुपारीच कळलं होतं का, की नुसता संशय आला होता? माझं तोंड उघडावं म्हणून विचारत होतात, की तुम्हालाही ते खोटं हवं होतं? रोज एका चटईवर अंग टाकणाऱ्या आपण दोघी. मी विचारायचं धाडस केलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही.

यंदा तुम्ही झगा शिवला नाहीत. म्हणालात, बोटं दुखतात. खरं सांगते, सुटले असं वाटलं मला. त्याच सुमाराला मी तुमच्यावर ओरडले होते, की संक्रांतीला भावानं तुम्हाला पोलक्यासाठी दोन वार दिले, पांढऱ्यावर निळी फुलं, आणि तुम्ही तेच फाटकं घालून हिंडता. कापड कुठे घातलंत? तुम्ही म्हणालात, "ठेवलंय गो." मी म्हणाले, सरणावर घालायला ठेवलंय का? हे मी बोलले. महिनाही झाला नाही आणि तुम्हाला मुदतीचा ताप भरला. इस्पितळात तिसऱ्या आठवड्यात तुम्ही माणसं ओळखेनाशा झालात. हात मात्र चालत होते. चादरीची कड बोटांनी दुमडत होतात, एकसारखी, कोपऱ्यापर्यंत नेऊन परत. नर्स हात धरून ठेवायची आणि मी तिला सांगायची, करू दे त्यांना.

पण यंदाही तुम्ही झगा शिवला होतात, हे मला काल भावजींनी सांगितलं. पौषात तुम्ही एकट्या लालबागला गेलात. त्या गाळ्याच्या दारात, पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहिलात आणि भावजींना खाली बोलावून विचारलंत. त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारीचा निरोप, परत आलेलं पुडकं, आणि त्यानंतर काहीच आलं नाही हेही. भावजी म्हणाले, तुम्ही फूटपाथवर बसलात. मग म्हणालात, "सुलूक काय बोलू नको. तिना माझ्यासाठीच लपवल्यान."

वन्सं, तुम्ही मला दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. घरी येऊन त्या दिवशी तुम्ही माझे तांदूळ निवडून ठेवलेत. मला आठवतंय, कारण मी विचारलं होतं, आज इतका उशीर कुठे झाला, आणि तुम्ही म्हणालात, देवळात.

मग तुम्ही ते निळ्या फुलांचं कापड भिजवलंत, आणि मी बाहेर असताना, शकू शाळेत असताना, एकाच कापडाचा झगा शिवलात. एकही जोड नाही. तुमच्या हातून निघालेली बिनजोडाची ती पहिलीच वस्तू असेल. नवस मोडलात, आणि पुडकं स्वतः नेऊन भावजींच्या हातात दिलंत. पाच घरचं तोडलं आणि तुम्ही गेलात, असं चाळीत कुणी म्हटलेलं नाही, कुणाला ठाऊकच नाही. मला वाटून गेलं. सातवी शिकूनही वाटून गेलं.

म्हातारीनं या वेळी झगा घेतला. कापड चोळून बघितलं, शिवण बघितली आणि पोरीला हाक मारली, "तुझ्या आयेन धाडल्यान." भावजी पडवीतच बसले होते. कमळीनं तिथल्या तिथे घालून बघितला. तो तिच्या खांद्यांतच अडकला. म्हातारीनं दाबलेलं कापड होतं तेवढं उसवून सोडलं, तरी पाठ मिटेना आणि घेर गुडघ्याच्या वीतभर वर राहिला. पोर बापावर गेलीय, भावजी म्हणाले, ताडमाड वाढलीय. आणि तुमच्याकडे माप होतं ते शकूचं, वर दोन बोटं. दुसरं माप कुठून येणार होतं? पहिल्याच वर्षी मी निरोप दिला असता तर दरवर्षी आलं असतं. दोन वारांत तुम्ही याहून मोठं काही काढूही शकला नसतात.

झगा परत द्यायला ती तयार झाली नाही. काढला, घडी केली आणि आत जाऊन ठेवून आली. मग सुंभाचा एक तुकडा घेऊन बाहेर आली आणि आजीला म्हणाली, धर. स्वतःच्या अंगाला लावून तिनं तीन गाठी मारल्या. एक खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची, एक छातीची, एक हाताची. भावजींच्या हातात दिला आणि म्हणाली, "आयेक सांगा, ह्या मापाचो शीव म्हणान."

तो सुंभ माझ्यासमोर आहे. मी तो शकूला लावून बघितला. पहिली गाठ तिच्या पोटरीवर आली.

रात्री जेवताना हे म्हणाले, "तूच शिवून धाड. पोरीक काय कळतला, कोणी शिवलो ता?" ते वाईट बोलले नाहीत. बहीण गेल्यापासून काल पहिल्यांदा एवढं बोलले. भावजींचा पुतण्या सोमवारी गावी जातोय, त्याच्याबरोबर काय ते धाडायचंय. बाहेर आता एक तारखेची तयारी चाललीय. महाराष्ट्र होणार, मुंबईसकट. पोरं गॅलरीत पताका बांधतायत, काकूंनी कंदील पुसून ठेवलेत. तुमचं निशाण कुठे गेलं कोण जाणे. सगळ्यांना हवं ते मिळालं, वन्सं, आणि मला गॅलरीत जाववत नाही.

आज सकाळी मी शकूच्या झग्यासाठी ठेवलेलं अडीच वारांचं फेंट काढलं. कालच भिजवून वाळत घातलं होतं. जमिनीवर पसरलं, सुंभ लावला. झगा निघतो, वन्सं. अगदी नीट बसतो, बोटभर दाबायलासुद्धा उरतं. तुमच्याइतका बारीक नाही, पण धावदोरा मलाही जमतो. मी शिवलं तर ती घालील आणि आजीला दाखवील. आणि पुढच्या शिमग्याला पुन्हा सुंभ धाडील, मोठा. मी पुन्हा शिवीन. तुम्ही तिच्यासाठी परळात शिवत बसलेल्या राहाल, जशी ती तुमच्यासाठी दात पडून वाढत राहिली होती. किती सोपं आहे ते. पहिल्या वेळीही इतकंच सोपं होतं.

मी कापड गुंडाळून ठेवलं आणि शकूच्या वहीतला कागद फाडला. वर लिहिलं, चिरंजीव कमळ हीस अनेक आशीर्वाद. खाली लिहिलं, तुझी आई गेली. त्यापुढे सकाळपासून शब्द नाही. झगे शिवलेले होते, ते मी अडवले, हेही लिहायचंय. पेटीतले तीन झगे सोबत धाडायचेत, एकही तिला येणार नाही.

दुपारी भावजी आले तेव्हा मी त्यांना विचारलं, पत्र वाचून कोण दाखवील, म्हातारीला तर अक्षर येत नाही. मास्तर दाखवतील का, सांभाळून, थांबून थांबून?

भावजी म्हणाले, "मास्तर कित्याक? कमळी चौथीत आसा. ती आपणच वाचतली."